बार झाल्यावर

बल्लारशाह स्टेशन जवळ आलं की झोपलेल्या प्रवाशालाही कळतं. सडक्या अंड्यासारखा वास डब्यात शिरतो, नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि आमच्यासारखा सीटखालची पिशवी ओढतो. पेपर मिलचा वास. या मिलमध्ये रिकव्हरी विभागाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. बांबू शिजवून उरलेलं काळं पाणी, ज्याला आम्ही ब्लॅक लिकर म्हणायचो, ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचं, तळाशी लालभडक रस वितळून येतो तो पाण्यात विरघळवायचा आणि क्षार परत मिळवायचे, हे तिथलं काम. त्या रसात मुख्य ऐवज दोनच: सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सल्फाइड. त्यांचं प्रमाण काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

वास मात्र मला मिलच्या आधीपासून ओळखीचा होता. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात आजाकडे परवान्याची भरमार होती. पुस्तकात तिला ठासणीची बंदूक म्हणतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे भरमारच. रात्री पीक राखायच्या जागलीवरून आल्यावर आजा तिची नळी उकळत्या पाण्यानं धुवायचा, खालून काळं पाणी पडायचं आणि अंगणात हाच वास सुटायचा. कारण पुढं प्रयोगशाळेत समजलं. बारूद जळल्यावर नळीत जे उरतं ते पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि थोडं पोटॅशियम सल्फाइड. आमच्या बॉयलरच्या तळाचाच तो भाऊबंद, फक्त सोडियमच्या जागी पोटॅशियम.

बंदुकांचा इतिहास लिहिणारे लोक बार कसा झाला, कोण पडलं, हे लिहितात. माझं म्हणणं असं की बार झाल्यावर नळीत काय उरलं, यानं त्या इतिहासाचा फार मोठा भाग ठरवला आहे.

बारुदीत शोरा, कोळसा आणि गंधक. यातला शोरा तीन चतुर्थांश. आता गंमत पाहा. १८७५ मध्ये अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी बंद पोलादी भांड्यात बारूद पेटवून मागं काय राहतं ते तोललं. वजनाचा जेमतेम ४३ टक्के भाग वायू झाला होता, बाकीचे ५७ टक्के घन. म्हणजे गोळीला ढकलण्याचं काम निम्म्याहून कमी माल करतो आणि निम्म्याहून जास्त माल धूर तरी होतो, नाही तर नळीला चिकटतो. आमच्या बॉयलरचा हिशेब असा असता तर मॅनेजरनं एका दिवसात घरी बसवलं असतं.

आणि चिकटलेलं हे लेपण तोंडाकडून भरायच्या बंदुकीत जीवघेणं. मागून काडतूस घालायच्या बंदुकीत निदान गोळी मळाच्या अलीकडं बसते. भरमारीत गोळी, डाट, सगळं वरून गजानं ठासत त्या मळातूनच न्यावं लागतं. पहिला बार सहज भरला जातो, चौथ्याला गज अडतो, त्यापुढं गजावर दगड हाणायची पाळी येते. अर्ध्यात अडकलेल्या गोळीनिशी बार केला तर नळी फाटते, हात जातो. घरी कुटलेली बारूद असली की आणखी वाईट. ती नीट दाणेदार नसते, कोळसा कसाबसा जळतो आणि राख दुप्पट. जुने लोक कोळशासाठी तुराटी किंवा रुईची काडी का धरायचे, त्याचं कारण इथं आहे. हलक्या काडीचा कोळसा लवकर आणि सफाईनं जळतो. सागाचा, ऐनाचा कोळसा चुलीला चांगला, बारुदीला नाही.

जगभरच्या फौजांनी या मळावर पहिला तोडगा काढला तो अगदी सरळ: गोळीच लहान करायची. इंग्रजांच्या जुन्या मस्केटची नळी पाऊण इंचाची आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची. मळ साचला तरी गोळी घरंगळत खाली जावी म्हणून ही फट. किंमत अशी की गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडायची आणि शंभर पावलांपलीकडं नेम लागणं नशिबावर. फौजा खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या, एकदम बार करायच्या, यामागं शिस्त होती तशी ही फटही होती.

रायफलीत फट चालत नाही. नळीतल्या वळणाच्या खाचांत गोळी घट्ट बसली पाहिजे, तरच ती फिरणार. आणि खाचा म्हणजे मळाला आयतं घर. म्हणून शिकारी लोक गोळीभोवती चरबी लावलेली चिंधी गुंडाळायचे. चिंधी खाचा भरून काढी, चरबी मळाला मऊ ठेवी आणि जाता-येता पुसूनही काढी. फौजेला एवढा वेळ कुठला? १८४९ मध्ये मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी काढली. ती सैल असते, सहज आत जाते आणि बार होताच बूड फुगून खाचांत बसते. १८५३ ची एनफिल्ड याच तत्त्वावर. तिच्या काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूनं मेण-चरबीचा हात दिलेला असायचा.

इथून पुढची गोष्ट शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. गाईची चरबी, डुकराची चरबी, जानेवारी १८५७ मध्ये डमडमला उठलेली कुजबुज, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकीकत आहे. पण ती चरबी तिथं मुळात कशाला होती, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. ती होती मळासाठी. बारुदीची राख मऊ राहावी, तिसऱ्या-चौथ्या गोळीला गज अडू नये, एवढ्यासाठी. जानेवारीच्या अखेरीस सरकारनं हुकूम काढला की काडतुसं कोरडी देऊ, शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण आपल्या हातानं लावावं. हुकमाला उशीर झाला होता. लोकांचा विश्वास एकदा उडाला की मेणबत्तीच्या मेणाचाही संशय येतो. उठावानंतर इंग्रजांनी एनफिल्डच्या गोळीचा व्यासही ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणला. हिंदुस्थानच्या हवेत जाड गोळी नळीत उतरेना. म्हणजे शेवटी फट परत आलीच.

हवेचा मुद्दा आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. चंद्रपूरचा मे म्हणजे ४६-४७ अंश. अशा कोरड्या तापात बारुदीचा मळ खापरीसारखा कडक होतो, नखानं निघत नाही, गज करकरतो. जून संपता संपता पाऊस लागला की तोच मळ हवेतलं पाणी ओढून चिखल होतो. सोडियम कार्बोनेट बशीत उघडं ठेवलं तर पावसाळ्यातही बऱ्यापैकी कोरडं राहतं. पोटॅशियम कार्बोनेट ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बशीत पाणी. प्रयोगशाळेत नव्या पोरांना मी हे मुद्दाम करून दाखवायचो. उन्हाळ्यात नळी भरता येत नाही आणि पावसाळ्यात ती गंजून जाते, असा हा दुहेरी जाच. सेवाग्राम-वर्ध्याकडच्या माणसाला यातला उन्हाळा कळेल, कोकणातल्याला पावसाळा. दोन्ही एकदम आम्हालाच.

बारुदीला ओल बाधते हे मराठी राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याची व्यवस्था बारकाईनं सांगितली आहे: वस्तीपासून दूर असावा, सामान आठा-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावं, पुन्हा जपून ठेवावं. सरकारी हुकमात इतका व्यवहार क्वचित सापडतो. शोऱ्यात मिठाचा अंश राहिला तर तो पाणी ओढतो, आणि आपल्याकडच्या मातीतून काढलेल्या शोऱ्यात तो राहायचाच. तेव्हा ऊन दाखवणं हा निव्वळ रिवाज नव्हता.

आमच्या चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, दोन लढाया नेमक्या कोरड्या दिवसांतल्या. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सनं चांद्याच्या परकोटाला तोफा लावल्या आणि २० मे रोजी शहर घेतलं. दुसरी १८५८ ची. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी मार्चमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला पहिली मोठी चकमक, एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी तार खात्याच्या तळावर हल्ला. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. दर वर्षी त्या दिवशी तिथं माणसं जमतात. लढणाऱ्यांनी मार्च ते मे हे महिने बारुदीकडे पाहून निवडले असं मी म्हणणार नाही; नद्या उतरता येणं हे त्याहून मोठं कारण. तरी पण जुलैत प्राणहितेच्या काठच्या रानात तोड्याची बंदूक पेटवून दाखवा म्हणावं कुणी. कानावरची, म्हणजे पेटवणीच्या भोकावरची, रंजक भिजते, तोडा विझतो, आणि कान मळानं बुजला असेल तर वरची रंजक नुसती फुर्रकन जळून जाते, आत काही पोचत नाही.

यावरचा उपाय एका पाद्र्यानं काढला. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथनं १८०७ मध्ये ठोक्यासरशी पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, त्यातून पुढं तांब्याची टोपी आली. पावसातही बार होऊ लागला. पण टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट, ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. नळीतला मळ कमी होता की काय म्हणून वर मीठ. दुसरा एक फोर्साइथ आपल्या मध्य प्रांतातला, कॅप्टन जेम्स. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ लिहिणारा. सातपुड्याच्या रानावर लिहिणारे त्याचे दाखले देतात. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर त्याचं वेगळं पुस्तक आहे, तिकडं फारसं कुणी जात नाही. दोन्ही फोर्साइथ एकच समजून लिहिलेले लेख मी वाचले आहेत.

१८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि फौजांच्या दृष्टीनं मळाचा विषय मिटला. आमच्या धानाच्या बांधीवर तो मिटला नाही, आणि याला कायदा कारण. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं बंदूक परवान्याखाली आणली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद नावानिशी आहे. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रॉकेट उडवणाऱ्या देशात, धान राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी सरकारनं अठराव्या शतकातलं हत्यार कायद्यानं ठरवून दिलं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. एक बार, मग भरायला मिनिटभर. असं हत्यार घेऊन कुणी दरोडा घालत नाही.

आजाची भरमार अशा परवान्यातली. धान लोंबीवर आलं की जागल सुरू. माळ्यावर बसायचं, डुकरांचा कळप बांधीत उतरल्याची चाहूल लागली की छर्रे न घालता नुसता बार करायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर छर्रे घालायचा प्रश्नच नव्हता. पण नुसत्या बाराचाही मळ तेवढाच. दोन बार झाले की आजा ओली चिंधी गजाला गुंडाळून एकदा खाली-वर करी, मग कोरडी, मग तिसरा बार. थुंकून चिंधी भिजवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. आजाकडे त्यासाठी पाण्याचा तुंबा असे. डाटाला काथ्या. तो टोळीच्या तेलात बुडवलेला.

टोळी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल हिवाळ्यात तुपासारखं थिजतं, म्हणून जागलीच्या दिवसांत काथ्यावर छान बसून राही. उन्हाळ्यात ते पातळ होऊन बारुदीत उतरण्याची भीती, म्हणून आजा त्यात मोहोळाचं मेण वितळवी. एनफिल्डच्या काडतुसाचं सूत्र हेच, चरबीत मेण. गरम मुलखात मेण जास्त. वूलिचच्या कारखान्यात जे कागदावर मांडलं गेलं ते आमच्याकडं परसात शिजत होतं.

घरात तेलं आणखी होती. जवसाचं तेल वऱ्हाड-नागपूरकडं घरोघर. ते आजा फक्त दस्त्याच्या लाकडाला लावी. नळीला किंवा घोड्याला लावू देत नसे. जवस सुकतं, सुकून राळेसारखं चिकट होतं; लाकडाला ते हवंच असतं, घोड्याच्या खिटीला ते घातक. मोहाचं, करंजीचं तेल असं सुकत नाही. या गोष्टीला रसायनशास्त्रात नाव आहे, तेलाच्या आयोडीन मूल्यावरून ती मोजताही येते. आजानं मोजलं नव्हतं, पण बाटल्या वेगळ्या कोनाड्यांत ठेवल्या होत्या.

पहाटे जागलीवरून आल्यावर माझ्या मायनं चुलीवर पाणी चढवलेलं असायचं.

“उकळलं का व?” आजा अंगणातूनच विचारी.

“उकळून राह्यलं. आधी च्या तर घ्या, मामाजी.”

“आधी नळी. मंग च्या.”

मग टोपी बसते तो निपल काढायचा. त्याचा आटा नाजूक, पाना आजाच्या कंबरेच्या कसेत. नळी दस्त्यापासून सुटी करून परातीत उभी धरायची आणि तोंडातून पाणी ओतायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं, दुसरं राखेच्या रंगाचं, तिसरं स्वच्छ. साबण नाही, रेती नाही. पाणी उकळतंच हवं, कारण त्यानं लोखंड इतकं तापतं की आतली ओल आपोआप उडून जाते. कोमट पाण्यानं धुतलेली नळी आतून ओली राहते आणि दुपारपर्यंत तांबूस पडते. नळी हाताला चटका देत असतानाच टोळीच्या तेलाचा फडका आतून फिरवायचा. मी परात धरायला असे, म्हणून तो वास नाकात बसला.

पुढं नळीतलं हे पाणी मी प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं तपासून पाहिलं. लिटमस निळा, आम्ल टाकताच फसफस आणि सडक्या अंड्याचा भपका. आमच्या ग्रीन लिकरनंही, म्हणजे बॉयलरच्या तळाचा रस विरघळवलेल्या पाण्यानंही, हेच केलं असतं. ते सगळं क्षार आहेत, आणि क्षार पाण्यातच जातात. गावात ट्रॅक्टर आल्यावर लोक मोबिल ऑइलनं, रॉकेलनं नळ्या पुसू लागले. नळी चकचकीत दिसायची. खनिज तेलात क्षार विरघळत नाहीत. उलट ते तेल पुढच्या बाराच्या मळात मिसळून डांबरासारखं घट्ट होतं आणि खाली मीठ तसंच राहून लोखंड खात बसतं. याच कारणानं जुन्या थ्री नॉट थ्रीच्या काळातले पोलीस आणि फौजी नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायचे. त्या गोळीत बारूद नव्हती, पण टोपीत तेच मीठ होतं. आमच्या गल्लीतला एक निवृत्त हवालदार अजून सांगतो की त्याच्या बराकीत सकाळचा चहा आणि नळीचं पाणी एकाच पातेल्यात व्हायचं.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. घाईत कुणी न धुता नेऊन दिली की निकालानंतर परत मिळायची ती आतून गंजलेली. आजा जमा करायच्या आदल्या रात्री दोनदा धुवायचा आणि तोंडात मेणाचा बूच मारून द्यायचा. शिपाई विचारायचा, आत काय भरलंय? मग बूच काढून गज टाकून दाखवावा लागे.

१९८० नंतर सिरोंच्याकडून नक्षलवादी दलम आले आणि भरमारीचा अर्थच बदलला. गावातल्या बंदुका दलमकडे गेल्या, काही मागून, काही धाकानं. पेपरात चकमकीच्या बातमीत जप्त मालाची यादी यायची, त्यात एके ४७ च्या, एसएलआरच्या शेवटी ‘भरमार’ हा शब्द ठरलेला. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पुढं दोन्ही जिल्ह्यांत परवान्याची बंदूक घरी असणं म्हणजे दोन्हीकडून प्रश्न ओढवून घेणं झालं. बऱ्याच जणांनी आपण होऊन जमा केल्या. आमच्या बानंही आजा गेल्यावर जमा केली. डुकरं आता झटका मशीनच्या तारेनं थोपवतात; ती तार तरी किती थोपवते हे धानवाल्याला विचारा.

तरीही जुन्या घरांत, वाड्यांत, कुठल्या माजी जमीनदाराच्या दिवाणखान्यात भिंतीवर भरमारी दिसतात, रीतसर नोंदवलेल्या, निकामी केलेल्या. मालक वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेरून तेलाचा हात फिरवतात आणि शेंदूर लावतात. आतला शंभर वर्षांचा मळ दर पावसाळ्यात पाणी पितो आणि नळी आतून कुरतडत राहतो. बाहेरून काही कळत नाही. मला कुणी विचारलं तर मी एकच सांगतो, उकळतं पाणी. पण त्याच्याही आधी गज आत सोडा, तोंडाशी बोटानं खूण धरा, बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावून पाहा. खूण तोंडाशी ठेवल्यावर गजाचं टोक निपलच्या रेषेला पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडं थांबलं तर आत कुणाच्या तरी आजानं ठासलेला बार अजून तसाच आहे. बंदूक होती तशी राहू द्या, चुलीपासून लांब, आणि ठाण्यात कळवा.